वेन मोर्स : कोऱ्या कागदावर सही न करणारा सिनेटर

आज आपण ज्या राजकारण्याबद्दल बोलणार आहोत त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या देशातही ते बहुधा एका मतदानापुरतंच घेतलं जातं. ७ ऑगस्ट १९६४ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये टोंकिनच्या आखाताचा ठराव मंजूर झाला. बाजूने ८८, विरोधात २. खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, ४१६ विरुद्ध शून्य. या ठरावाच्या जोरावर पुढे व्हिएतनामचं युद्ध लढलं गेलं. विरोधातल्या दोघांपैकी एक अलास्काचे अर्नेस्ट ग्रीनिंग, आणि दुसरे ऑरेगनचे वेन मोर्स. आजचा विषय मोर्स.

ही गोष्ट सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. दोन म्हातारे एकटे उभे राहिले, बाकी सगळे फसले, आणि काळाने दोघांना खरं ठरवलं. ऐकायला बरं वाटतं. पण आम्हाला ही मांडणी पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठीच आजचं व्याख्यान आहे. 'काळाने खरं ठरवलं' असं म्हटलं की त्या मताचं मोल नंतरच्या घटनांवर टांगलं जातं. समजा, पुढे युद्ध अमेरिकेने जिंकलं असतं. मग मोर्स चुकले असते का? आमचं उत्तर आहे, नाही. त्यांचा आक्षेप युद्ध जिंकलं जाईल की हरलं जाईल, याबद्दल नव्हताच.

आधी घडलं काय ते पाहू. २ ऑगस्ट १९६४ला उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ 'मॅडॉक्स' या अमेरिकन विनाशिकेवर टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. ४ ऑगस्टच्या रात्री 'मॅडॉक्स' आणि 'टर्नर जॉय' या दोन जहाजांवर पुन्हा हल्ला झाल्याची बातमी वॉशिंग्टनला पोहोचली. अध्यक्ष जॉन्सन यांनी लगेच बॉम्बहल्ल्याचे आदेश दिले आणि काँग्रेसपुढे ठराव ठेवला. निवडणुकीचं वर्ष होतं, समोर गोल्डवॉटरसारखा आक्रमक उमेदवार होता, आणि जॉन्सन यांना नेमस्तही दिसायचं होतं, खंबीरही दिसायचं होतं. ४ ऑगस्टचा तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आज अमेरिकेच्या स्वतःच्या गुप्तवार्ता यंत्रणेच्या २००५ साली खुल्या झालेल्या अभ्यासातूनही स्पष्ट आहे.

मोर्स यांना हे तेव्हा ठाऊक होतं का? दुसरा हल्ला काल्पनिक आहे हे ठाऊक नव्हतं. पेंटागॉनमधल्या कुणीतरी त्यांना सुचवलं होतं की 'मॅडॉक्स' तिथे नेमकं काय करत होती ते विचारा, तिच्या नोंदवह्या मागा. ६ ऑगस्टच्या समितीच्या बैठकीत मोर्स यांनी संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांना त्याच दिशेने घेरलं. त्याच दिवसांत दक्षिण व्हिएतनामच्या बोटी उत्तरेच्या किनाऱ्यावर छापे घालत होत्या. अमेरिकन जहाजाचा त्याच्याशी संबंध काय? मॅक्नमारा यांचं उत्तर होतं की आमच्या नौदलाचा त्यात भाग नव्हता आणि त्याला त्याची माहितीही नव्हती. हे उत्तर खरं नव्हतं, हे पुढे १९६८ साली त्याच समितीपुढे उघड झालं. पण ठराव तोवर कायदा होऊन साडेतीन वर्षं झाली होती.

आता ठरावाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला शब्दांचा कीस काढायची खोड असते, ती इथे उपयोगी पडते. ठराव अगदी छोटा आहे. पहिलं कलम म्हणतं, अमेरिकन सैन्यावरचा हल्ला परतवण्यासाठी आणि पुढचं आक्रमण रोखण्यासाठी अध्यक्ष जे आवश्यक उपाय करतील त्यांना काँग्रेसचा पाठिंबा आहे. दुसरं कलम म्हणतं, आग्नेय आशियाच्या संरक्षण करारात येणाऱ्या कुठल्याही देशाने मदत मागितली, तर अध्यक्ष ठरवतील त्याप्रमाणे, सशस्त्र बळासकट, सगळी पावलं उचलायला अमेरिका तयार आहे. आणि तिसरं कलम सांगतं की हा ठराव कधी संपेल. त्या भागात शांतता आणि सुरक्षितता पुरेशी प्रस्थापित झाली आहे असं अध्यक्ष ठरवतील तेव्हा. काँग्रेसने त्याआधी वेगळा ठराव करून तो मागे घेतला तर गोष्ट निराळी.

'अध्यक्ष ठरवतील' हे शब्द दोनदा येतात. सुरुवात केव्हा करायची तेही अध्यक्ष ठरवणार, आणि संपलं केव्हा म्हणायचं तेही अध्यक्षच. या कलमांत शत्रूचं नाव नाही. किती सैन्य, किती काळ, याचा पत्ता नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे. सावकार शेतकऱ्याचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. शेतकऱ्याने अंगठा राजीखुशीने दिलेला असतो, जबरदस्ती कुणी केलेली नसते. मग त्याला संमती म्हणायचं का? अंगठा दिला तेव्हा कागदावर काही नव्हतंच, तर संमती दिली कशाला? मोर्स यांचा मुद्दा नेमका हाच होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचं आठवं कलम युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसला देतं. त्यांचं म्हणणं असं की हा ठराव म्हणजे आगाऊ तारीख टाकलेली युद्धघोषणा आहे. आणि युद्ध कुठलं, कुणाशी, का, हे समोर नसताना त्याला होकार देता येत नाही. त्या वर्षी 'फेस द नेशन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पत्रकाराने त्यांना सुचवलं की परराष्ट्र धोरण हे शेवटी अध्यक्षांचं काम. मोर्स यांनी ते तिथल्या तिथे झिडकारलं. परराष्ट्र धोरण जनतेचं असतं, जनतेला खऱ्या गोष्टी सांगा, ती नीट ठरवेल, असा त्यांचा सूर होता.

इथे एक बारीकशी टीप. आपल्याकडे युद्ध पुकारण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे असं घटनेत कलम नाही. १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेना गेली तीही संसदेच्या आगाऊ मतदानाशिवाय. त्यामुळे मोर्स यांचा आग्रह आपल्या कानाला जरा वकिली वाटतो. तो वकिली होताच. त्यात काही कमीपणा आहे असं आम्हाला वाटत नाही.

इमॅन्युएल कांट यांनी १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या आपल्या निबंधात एक साधा विचार मांडला होता. युद्ध करायचं की नाही हे ज्यांना त्याची झळ सोसायची आहे त्या नागरिकांनी ठरवायचं असेल, तर ते दहादा विचार करतील. ज्या राजाच्या मेजवान्या आणि शिकारी युद्धाने थांबत नाहीत, तो मात्र युद्ध सहज पुकारेल. म्हणून संमतीची अट घाला. तर्क सरळ आहे. पण १९६४चा ऑगस्ट या तर्काला एक पेच घालतो. संमती मागितली गेली होती, आणि ती मिळालीही. ४१६ विरुद्ध शून्य! कांट यांची अट कागदावर तरी पूर्ण झाली. मग बिनसलं कुठे? आमच्या मते, प्रतिनिधींनी निर्णय घेतला नाही, निर्णय घेण्याचं काम सोपवून दिलं. काम सोपवता येतं. विवेक सोपवता येत नाही. मोर्स तत्त्वज्ञ नव्हते, पण हा फरक त्यांना त्या सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा स्वच्छ दिसत होता.

महाभारतातल्या द्यूतसभेची इथे आठवण होणं साहजिक आहे. भीष्म-द्रोण गप्प बसले असताना बोलला कोण? दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण. त्याच्या बोलण्याचा गाभाही अधिकाराचा होता: जो आधीच स्वतःला हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा अधिकार आला कुठून? कर्णाने त्याला पोरसवदा म्हणून गप्प केलं. अर्थात पुढे विकर्ण कौरवांच्या बाजूनेच लढला. मोर्स तसे लढले नाहीत. मे १९६५मध्ये जॉन्सन यांनी युद्धासाठी ७० कोटी डॉलरची जादा तरतूद मागितली, तेव्हाही विरोधात फक्त तीन मतं पडली. मोर्स, ग्रीनिंग, आणि तिसरे विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन.

नेल्सन यांचं नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत येऊ. कारण आता आम्हाला मोर्स यांच्या विरोधात बोलायचं आहे.

मोर्स १९०० साली विस्कॉन्सिनमध्ये जन्मले. रॉबर्ट ला फॉलेट यांचं ते राज्य, पहिल्या महायुद्धात उतरायला विरोध करणाऱ्या सिनेटरचं. मोर्स कायदा शिकले आणि तिशीतच ऑरेगन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख झाले. मग पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या तंट्यांत लवाद म्हणून काम केलं. दुसऱ्या महायुद्धात राष्ट्रीय युद्ध श्रम मंडळावर होते. १९४४ साली रिपब्लिकन म्हणून सिनेटवर निवडून आले. १९५२मध्ये आयझेनहॉवर आणि निक्सन यांची जोडी न पटल्यामुळे पक्ष सोडला, आणि जानेवारी १९५३मध्ये घडीची खुर्ची घेऊन सिनेटमध्ये आले. दोन्ही पक्षांच्या मधल्या वाटेत बसायला! त्याच वर्षी किनाऱ्यालगतच्या तेलसाठ्यांच्या विधेयकाविरुद्ध सलग २२ तास २६ मिनिटं बोलले. १९५५मध्ये डेमोक्रॅट झाले. 'सिनेटचा वाघ' हे त्यांचं टोपणनाव.

या सगळ्यात आमचं लक्ष अडकतं ते 'लवाद' या शब्दावर. लवादाचं काम काय? दोन्ही बाजू ऐकायच्या, कागद तपासायचे, निवाडा लिहायचा. निवाडा बरोबर असला की काम संपलं. दोन्ही पक्षांना तो आवडावा ही त्याची जबाबदारी नसते. मोर्स सिनेटमध्ये तीस वर्षांच्या सवयीने असेच वागले, असं आम्हाला वाटतं. त्यांचं एकेक भाषण म्हणजे निवाडा आहे. मुद्देसूद, कलमांसकट, आणि लांब. समोरच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ते बोलत. पण सिनेट काही न्यायपीठ नव्हे. तिथे बरोबर असणं ही अर्धीच गोष्ट, उरलेली अर्धी म्हणजे शेजारच्याचं मत वळवणं.

नेल्सन यांचा प्रसंग बघा. ठरावावरच्या चर्चेत त्यांना शंका आली. त्यांनी दुरुस्ती सुचवली: अमेरिकेची भूमिका सल्ला आणि साहाय्य एवढीच राहील, युद्ध वाढवायचं नाही, एवढं तरी लिहा. ठरावाची बाजू सांभाळणारे विल्यम फुलब्राइट म्हणाले की दुरुस्तीतली भावना बरोबर आहे, अध्यक्षांचंही तेच धोरण आहे, पण आता दुरुस्ती घेतली तर पुन्हा दोन्ही सभागृहांत घोळ होईल. नेल्सन यांनी फुलब्राइट यांच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि बाजूने मत दिलं. पुढे युद्धविरोधी म्हणून गाजलेले मॅकगव्हर्न, यूजीन मॅकार्थी, फ्रँक चर्च, सगळे त्या ८८मध्ये होते. म्हणजे शंका घ्यायला तयार असलेली माणसं सभागृहात होती. ती मोर्स यांच्या युक्तिवादापाशी आली नाहीत, फुलब्राइट यांच्या आश्वासनापाशी थांबली. युक्तिवाद कमकुवत होता म्हणून नव्हे. मोर्स प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात, असा त्यांचा लौकिक झाला होता, आणि अशा माणसाचं दहावं 'नाही' कुणी कान देऊन ऐकत नाही.

हा लौकिक काही अंशी अन्यायाचा होता. १९५९ साली क्लेअर बूथ लूस यांच्या राजदूतपदाला त्यांनी विरोध केला. नेमणूक मंजूर झाल्यावर बाईंनी टोला मारला की मोर्स यांना घोड्याने डोक्यात लाथ मारली तेव्हापासूनच सगळी अडचण आहे. घोड्याने लाथ मारली होती हे खरं, १९५१मध्ये, जबडा मोडला होता. विरोधकाला वेडा ठरवणं हे राजकारणातलं सगळ्यात स्वस्त हत्यार. पण काही अंशी तो लौकिक मोर्स यांनी स्वतःच कमावला होता. १९५७चं नागरी हक्क विधेयक फार लेचंपेचं आहे म्हणून त्यांनी विरोधात मत दिलं. विधेयक लेचंपेचं होतं, कबूल. पण त्यामुळे त्यांचं मत वंशभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या सिनेटरांच्या रांगेत जाऊन बसलं. हेतू निर्मळ असला तरी मतमोजणीत हेतू मोजला जात नाही.

आणि गंमत अशी की हाच माणूस मनात आणलं तर सिनेट हलवू शकत होता. १९६५चा प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाचा कायदा, अमेरिकेच्या शाळांना केंद्राचा मोठा निधी पहिल्यांदा देणारा, सिनेटमधून पार नेला तो मोर्स यांनी. प्रतिनिधिगृहाकडून आलेलं विधेयक कानामात्रा न बदलता मंजूर करून घेतलं, एकही दुरुस्ती लागू दिली नाही. कारण दुरुस्ती झाली की पुन्हा घोळ होणार आणि विधेयक बुडणार. ओळखीचं वाटतं ना हे कारण? आठ महिन्यांपूर्वी फुलब्राइट यांनी नेल्सन यांना हेच दिलं होतं. शाळांचा निधी आणि युद्ध एका तराजूत तोलायचं नाही हे आम्हाला कळतं. शाळेचा कायदा पुढच्या वर्षी बदलता येतो. तरीही घाईविरुद्ध त्यांचा आक्षेप सरसकट नव्हता, हे नोंदवलं पाहिजे. आणि माणसं जोडायची कला त्यांच्याकडे नव्हती, हेही खरं नाही. व्हिएतनामच्या बाबतीत त्यांनी ती वापरली नाही. जॉन्सन यांच्याशी शिक्षणावर ते हातात हात घालून चालले, आणि त्याच काळात युद्धावर त्यांच्यावर तुटून पडत राहिले.

मोर्स यांच्या पर्यायातही एक भोक होतं. ते शांततावादी नव्हते. त्यांचं म्हणणं, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे न्या. पण जिथे सोव्हिएत संघाचा नकाराधिकार होता, तिथून व्हिएतनामबद्दल काय निघालं असतं? या प्रश्नाला त्यांच्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं.

याउलट फुलब्राइट बघा. ज्यांनी ठराव पार नेला, तेच १९६६च्या सुरुवातीला दूरचित्रवाणीवर जाहीर सुनावण्या घेऊन युद्धाची चिरफाड करू लागले. घराघरांत लोकांनी पाहिलं की युद्धावर शंका घेणारी माणसं वेडी नसतात. लोकमत हलवण्याचा हिशेब मांडला तर फुलब्राइट यांचं पारडं कदाचित जड भरेल. म्हणजे सुरुवातीला चुकलेला माणूस सुरुवातीपासून बरोबर असलेल्यापेक्षा जास्त उपयोगी ठरला! हे पचायला अवघड आहे. पण त्याच सुनावण्यांत मोर्स समितीचे सदस्य म्हणून बसले होते, आणि फुलब्राइट यांना अठरा महिन्यांनी जो प्रश्न विचारावासा वाटला तो नोंदीत आधीपासून होता. १ मार्च १९६६ रोजी मोर्स यांनी ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. तो ९२ विरुद्ध ५ मतांनी बाजूला सारला गेला. दोनाचे पाच झाले, एवढंच. त्याच वर्षअखेर व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे साडेतीन लाखांहून अधिक सैनिक होते. ठराव झाला तेव्हा वीस हजारही नव्हते.

मोर्स यांनी ठराव बरोबर वाचला होता याची कबुली सरकारनेच दिली. १९६७च्या ऑगस्टमध्ये परराष्ट्र खात्याचे निकोलस कॅट्झनबाख यांनी फुलब्राइट यांच्या समितीसमोर सांगितलं की हा ठराव आणि आग्नेय आशिया करार मिळून युद्धघोषणेच्या बरोबरीचेच आहेत. मोर्स तीन वर्षांपूर्वी हेच म्हणत होते, तेव्हा ती अतिशयोक्ती ठरली होती.

१९६८ साली मोर्स हरले. रिपब्लिकन बॉब पॅकवुड यांनी आठ लाखांहून अधिक मतांत सुमारे तेहतीसशे मतांनी त्यांना पाडलं. हा युद्धविरोधाचा हुतात्मा, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तेवढं सोपं नाही. १९६६मध्ये त्यांनी स्वतःच्या पक्षाचे, पण युद्धाच्या बाजूचे, रॉबर्ट डंकन यांना सोडून रिपब्लिकन मार्क हॅटफील्ड यांना पाठिंबा दिला होता. डंकन यांनी १९६८मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना जेरीस आणलं. विमान कामगारांच्या संपात त्यांनी सक्तीने कामावर परत आणायची भूमिका घेतली, त्यामुळे कामगार संघटना दुखावल्या. वय ६८. त्याच वर्षी ग्रीनिंगही गेले. १९७२मध्ये मोर्स पुन्हा उभे राहिले, आणि कुणाविरुद्ध? ज्यांच्यासाठी पक्षाशी वैर घेतलं त्या हॅटफील्ड यांच्याविरुद्ध, जे स्वतः युद्धविरोधी होते. तिथेही हरले. १९७४मध्ये पक्षाची उमेदवारी मिळाली, आणि प्रचार चालू असतानाच २२ जुलैला त्यांचं निधन झालं. ग्रीनिंग त्याआधी महिनाभर गेले होते.

ठराव जानेवारी १९७१मध्ये रद्द झाला. निक्सन सरकारने त्याला अडवलं नाही. सेनापती म्हणून अध्यक्षांना जे अधिकार आहेत ते पुरेसे आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. युद्ध चालूच राहिलं, आणि शेवटी मेलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या ५८ हजारांवर गेली. व्हिएतनामी मृतांची गणती लाखांत आहे. १९७३मध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकार ठराव केला.

१४ सप्टेंबर २००१ रोजी आणखी एक ठराव आला. त्यात अध्यक्षांना ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी किंवा व्यक्तींनी हल्ला केला असं अध्यक्ष ठरवतील त्यांच्याविरुद्ध सगळं आवश्यक बळ वापरण्याची मुभा होती. पुन्हा तेच दोन शब्द. या खेपेला संपण्याचं कलमही नव्हतं. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध एक. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. आपल्या मताचं कारण सांगताना त्यांनी १९६४चा ठराव आणि मोर्स यांचं नाव घेतलं. त्यांना धमक्या आल्या, पण त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन:पुन्हा निवडून दिलं. मोर्स यांचं भाषण सिनेटच्या नोंदीत ३७ वर्षं पडून होतं. ते ऐकायला त्या दिवशी जे समोर नव्हते, त्यांच्यातल्या एकीला ते लागलं.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. फुलब्राइट की मोर्स, यावर तुमच्यापैकी काहींचं मत आमच्याहून वेगळं असणार, तिथूनच सुरुवात करू.